भातकुली तालुका, दोन माळा

फोटो वरून खाली उघडायचा. आधी एक काळी पट्टी, मग पितळेची पिवळी कड, मग तिथंच थांबायचा. अमरावतीच्या त्या सायबर कॅफेत मी खुर्चीच्या टोकावर बसायची आणि माऊस असा घट्ट धरायची, की ओढला तर फोटो लवकर खाली येईल. मला त्या फोटोतली कलाकुसर बघायची नव्हती. एवढंच बघायचं होतं, की ही घुंगरमाळ माझ्या मामाच्या बैलांची आहे की नाही.

आमच्याकडं बैल विकतात तेव्हा दावं देत नाहीत. बैल ज्या दोरानं बांधलेला असतो तो दोर मालक सोडून घेतो, घेणाऱ्यानं आपला आणायचा. गळ्यातली माळही काढून घरात ठेवायची. बैल गेला तरी गोठ्याची लक्ष्मी जात नाही, पुढच्या साली दुसरी जोडी येईल, असा त्यामागचा भाव. म्हणून बैल विकला ही आमच्याकडं फार मोठी बातमी नसते. माळ विकली ही बातमी असते. माळ गेली म्हणजे त्या घरानं मनाशी ठरवलं, की आता आपल्या दारात बैल यायचा नाही.

आणि कापसाच्या त्या वाईट वर्षांत एखाद्या घरानं मनाशी काही ठरवलं, की आम्ही घाबरायचो. काय ठरवलं असेल ते कुणी बोलत नसे. बोलायची गरज नव्हती. रोजचा पेपर बोलत होता.

ती साइट अकोल्याच्या एका माणसाची. जुन्या बाजारात त्याचं पितळी भांड्यांचं दुकान, पिढीजात, चांगलं चालणारं. जुनं पितळ जमवायचा नाद. मी त्याला चाचा म्हणायची, पण ते पुढं. सुरुवातीला मी त्याला जे म्हटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

झालं असं, की मी तेव्हा शेतकऱ्यांसाठी भांडणाऱ्या एका संघटनेत होते आणि माझं काम पत्रकं लिहिणं. पत्रक म्हणजे एका पानात शिवी न देता शिवी देणं; ते मला जमायचं. मग आमच्या वरच्या मंडळींना वाटलं, आपली वेबसाइट पाहिजे. कशी असते ते बघून ये म्हणाले. मी कॅफेत बसून वऱ्हाड असा शब्द टाकला तर ही निघाली. मराठी वाचायला आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे, नाही तर सगळीकडं चौकोन दिसत. तपकिरी पान, दोन्ही बाजूंना लुकलुकणाऱ्या पणत्या, खाली किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा. अडकित्ते, पानदानं, कंदील, कुलपं आणि घुंगरमाळा. शेवटी एक बटण, ‘पुढची साइट’. ते दाबलं की पुण्याच्या कुणाचे दिवे, त्याच्या पुढं कोल्हापूरच्या कुणाची कुलपं, आणखी पुढं परदेशातल्या कुणाची घड्याळं. हे सगळे शौकीन एकमेकांच्या पानावर जाऊन एकमेकांची पाठ थोपटायचे. वा, काय हिरवी झाक आली आहे पितळेला! एका थंड देशातल्या बाईनं विचारलं होतं, सणाला दारावर टांगायला अशी एक माळ मिळेल का.

माझं डोकं फिरलं. तिथल्या तिथं, इंग्रजी अक्षरांत, मी वऱ्हाडीत लिहिलं: ‘इथी बैल उपाशी मरून राहिले आन तुमी त्याइचे घुंगरं पुसून फोटो काढून राहिले? लाज वाटते का?’ खाली माझं नाव आणि संघटनेचा पत्ता टाकला. भांडण अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं होतं. ‘बेटी, लाज वाटते. चहाले ये.’

गेले. भांडायलाच गेले. पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा, गल्ल्याच्या मागे मोठा जुना कॉम्प्युटर आणि त्यावर बायकोनं विणलेलं क्रोशाचं झाकण. तो मला बघून खूश झाला. आधी आकडा दाखवला, किती लोक साइटवर आले. मग एक घंटा दाखवली.

“पाचशे साल जुनी.”

“कोण म्हणते?”

“मीच म्हनतो. तो कोल्हापूरवाला म्हनते, आजोबाच्या काळातली आहे. त्याले कुलपातलं समजते. घुंगरातलं काय समजते त्याले!”

पुढं कळलं, की कोल्हापूरवालाच बरोबर होता. चाचानं पानावरचं ‘पाचशे साल’ काढलं नाही. फक्त पुढं ‘असावी’ लिहिलं.

मी माझं भाषण केलं. शेतकऱ्याच्या दुःखाची तुम्ही शोभा करता, वगैरे. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बशीत चहा ओतला आणि म्हणाला, “मोडीत गेलेल्या माळेचं काय होते, ठाऊक आहे?”

“काय?”

“नळाची तोटी. मी नाही ठेवली तं आठ दिवसात तिची तोटी होते. तू बोंब मार, तुझं काम आहे ते. मी तोटी होऊ देत नाही, हे माझं काम.”

 यावरची तीन-चार चांगली उत्तरं मला बसमध्ये बसल्यावर सुचली, पण बस सुटली होती.

चाचाचा एक नियम होता. फोटोखाली धातू लिहायचा, घडण लिहायची, तालुका लिहायचा. गाव नाही आणि घर तर नाहीच. इतर शौकिनांना हे पटत नसे. वस्तू कुठल्या घरातून आली यालाच त्यांच्यात किंमत. चाचा म्हणायचा, “कोनाची इज्जत टांगाले नाही काढली मी ही साइट.”

तर त्या घुंगरमाळांच्या पानाकडं माझं लक्ष गेलं ते असं. अडकित्ते होते तेवढेच राहिले. कुलपं तेवढीच. माळांचं पान मात्र लांबत चाललं. तिवसा तालुका, एक माळ. अंजनगाव सुर्जी तालुका, दोन माळा. पुन्हा तिवसा. कॅफेत ते पान खाली खाली ओढताना माझ्या लक्षात आलं, की चाचाला हे नवे नग वाटतात आणि खरं तर ही बंद झालेल्या गोठ्यांची यादी आहे. तो आनंदानं ‘नवीन!’ असं लाल अक्षरात लिहायचा. त्या लाल अक्षरांची मला धास्ती बसली.

मी पत्रक काढलं. ‘बैल गेले, घुंगरं इंटरनेटवर!’ फर्मास झालं होतं, अकोल्याच्या जुन्या बाजारातल्या दुकानाचं नावही त्यात आलं होतं. तिवशाच्या बाजारात हातोहात गेलं. एक प्रत मी मामालाही दिली होती, कौतुकानं. त्यानं चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, चार घड्या केल्या, बंडीच्या खिशात ठेवली आणि म्हणाला, “चांगलं लिहते वं तू.” तेवढंच.

मामाचं गाव भातकुलीकडचं. माझी सगळी बालपणची सुटी तिथं गेली. त्याच्या माळा मी डोळे मिटूनही ओळखल्या असत्या, कारण एका घुंगरातला खडा पडून गेला होता आणि आजोबांनी त्याची फट जरा पसरून आत माझी काचेची गोटी घातली होती. बाकीची घुंगरं छन्न वाजायची, ते एक टिक्क वाजायचं. बैल पाणी पिऊन वर मान करायचा तेव्हा आधी टिक्क ऐकू येई.

त्या पावसाळ्यात मामा फोनवर बोलेनासा झाला. घरातला एकुलता मोबाईल मामीच्या ताब्यात. मी विचारायची, मामा कुठं आहे? “वावरात.” संध्याकाळी? “आत्ताच डोळा लागला त्याइचा.” एकदा तो सापडला तर मी म्हटलं, “मामा, बैल कसे आहेत?”

“आहेत.”

“चारा?”

“तिकडं पानी आलं का अमरावतीले?”

संपलं. पुढं विचारता येत नाही. बैल आहेत का, असं तोंडावर विचारणं म्हणजे नाहीत असं म्हणणं. मधल्या वारी काही काम नसताना गावात उतरलं, तरी चार घरं विचारणार, काहून आली? काय झालं? त्या वर्षांत पाहुणा अवेळी आला तरी शेजारी ओट्यावर येऊन उभे राहायचे. दुसऱ्यांच्या गावात मी माईकवरून बोलायची, कलेक्टरला तोंडावर बोलायची. मामाला एक प्रश्न विचारायची माझी हिंमत नव्हती. म्हणून मी कॅफेत जायची आणि ते पान उघडायची. ‘नवीन!’ नसलं, की श्वास सोडायची.

पोळ्याला थोडे दिवस उरले असताना ते दिसलं. ‘नवीन! भातकुली तालुका, दोन माळा.’

त्याच्यावर फोटो उघडू लागला. काळी पट्टी. पितळेची कड. लाल गोंडा. मामाच्या माळेलाही लाल गोंडाच होता. पण लाल गोंडा कुणाच्या माळेला नसतो? पहिलं घुंगरू अर्धं आलं. मी गोटीचं घुंगरू कुठं असतं ते आठवू लागले, मधल्या मोठ्याच्या उजवीकडं, त्याची फट पसरट दिसायला पाहिजे. फोटो आणखी एक बोट खाली सरकला आणि लाइट गेली. भारनियमन. सगळे पडदे एकदम काळे झाले, पंखे थांबले आणि कॅफेवाला आपला ठरलेला डायलॉग मारून मोकळा झाला: “घ्या, महाराष्ट्राची प्रगती.” कुणीतरी हसलं. 

मामीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. लाइट नसली की त्यांच्याकडं मोबाईल चार्ज होत नाही, हे मला माहीत होतं. पण मग वाजतो कसा, हेही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली आणि अकोला गाठलं. चाचा नुकतं दुकान उघडत होता.

“बस. आधी पानी पी. चेहरा काहून असा झाला तुझा?”

“भातकुलीच्या माळा दाखवा.”

“मोर्चा आनला का मागं?”

“चाचा, दाखवा.”

त्यानं माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि थट्टा बंद केली. आतून कापडात गुंडाळलेल्या दोन माळा आणल्या. मी मधलं मोठं घुंगरू शोधलं, उजवीकडचं पाहिलं. फट सरळ. तरी एक एक घुंगरू कानाशी धरून हलवलं. छन्न. छन्न. सगळी छन्न. शेवटचंही.

 मामाच्या नव्हत्या. मला इतकं हलकं वाटलं, की हसू यायला लागलं. आणि त्या माळा हातातच होत्या. कुणाच्या तरी होत्याच ना त्या. भातकुलीकडच्याच कुठल्या तरी घरातल्या. त्या घरची भाची कुठल्या कॅफेत बसली होती, कुणास ठाऊक. पत्रकात मी अशा वाक्याला उद्गारचिन्ह दिलं असतं.

“काय शोधत होती?” चाचानं विचारलं.

“एका घुंगरात काचेची गोटी आहे. माझ्या मामाच्या.”

चाचा माळ गुंडाळायचा थांबला. दाढीवरून हात फिरवला. मग गल्ल्याकडं गेला, उगाच काहीतरी सरकवलं, परत आला.

“बेटी, मी नाव सांगत नाही कोनाचं. गोटीचं तूच बोलली, ध्यानात ठेव.”

“चाचा...”

“येऊन गेला तो मानूस. मागच्या बाजारी. मी वापस धाडला.”

चाचाचा आणखी एक नियम होता, तो साइटवर कुठं लिहिलेला नव्हता. पावसाळा लागला की पोळा होईपर्यंत तो कुणाची माळ घेत नसे. पोळा होऊ द्या, मंग आना, म्हणायचा. भातकुलीच्या या दोन माळा तर उन्हाळ्यातच आल्या होत्या. फोटो चढवायला त्याला आत्ता सवड मिळाली होती.

“कसा होता?” मी विचारलं.

“कसा म्हनजे? मानसासारखा होता. चहा पेला नाही.”

मामा चहा सोडत नाही. तापात पडला तरी सोडत नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गावात उतरले. सणाला भाची येते, यात कुणाला विचारण्यासारखं काही नव्हतं. गोठा झाडून स्वच्छ होता. इतका स्वच्छ गोठा मी त्या घरात कधी पाहिला नव्हता. मामा ओट्यावर बसून चिंचेनं माळा घासत होता. वाळला होता, पण होता. हात हलत होते. मी त्या हातांकडंच बघत राहिले.

“आली का? बस. तिकडून चिंच दे.”

मी चिंच दिली. दोघंही घासत बसलो. एक माळ घासून झाल्यावर मी म्हटलं, “मामा, मले सांगलं काहून नाही?”

“तुले सांगू?” तो घुंगराकडं बघूनच बोलत होता. “तुले सांगलं असतं तं तू छापलं असतं. ‘भातकुली तालुक्यातील एक शेतकरी.’ तिवशाच्या बाजारात वाटलं असतं. लोकाइनं भजे बांधून नेले असते त्याच्यात.”

आतून मामी ओरडली, “पोरगी आताच आली ना! पानी तं पिऊ द्या तिले!”

“पिऊ दे ना. मी काय धरून ठेवलं तिले?” मग माझ्याकडं वळून, जरा खाली आवाजात, “इकलेल्या बैलाची काय बातमी? चारा नव्हता, इकले. चारा असन तं घेईन. तू काही लिहू नोको.”

घेईन, तो म्हणाला. मी तो शब्द पकडून बसले. घेईन म्हणतो तो माणूस माळ घेऊन अकोल्याला कशाला गेला? मी दुसरी माळ घासायला घेतली.

संध्याकाळी खांदमळणी. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं मळायचे आणि उद्याचं आवतन द्यायचं. मामा वाटीत लोणी घेऊन शेजाऱ्याच्या गोठ्यात गेला. शेजारी बाजूला सरकला. मामानं दुसऱ्याच्या बैलांचे खांदे मळले आणि त्यांच्या कानाशी नेहमीचं बोलला: “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” दुसऱ्या दिवशी पोळ्याच्या तोरणाखाली शेजाऱ्याची जोडी मामाच्या माळा घालून उभी होती. तोरण लांब आणि जोड्या थोड्या, दोन जोड्यांच्या मध्ये पोरं खेळत होती. झडत्या, म्हणजे सणाच्या त्या टोमणेबाज ओळी, म्हणून झाल्या, लोक हसले. मला त्या गोंगाटात फक्त टिक्क ऐकू येत होतं. मामालाही तेच येत असावं. बैल मान हलवायचा तेव्हा तो दुसरीकडं बघायचा.

घरी मामीनं मातीच्या बैलांची पूजा मांडली होती. मी स्वयंपाकघरात गेले तर चुलीच्या वरच्या खुंटीला दोन्ही दावी टांगलेली. दावं गोठ्यात असतं, स्वयंपाकघरात कुणी ठेवत नाही.

“मामी, हे इथी?”

मामी पुरण वाटत होती. वर बघितलं नाही. “असू दे. माह्या नजरेसमोर आहे.”

मी पाट ओढला आणि तिच्याबरोबर पुरण वाटायला बसले. 

निघताना मामानं माळा धडप्यात बांधून माझ्यापुढं ठेवल्या. “अकोल्याले नेऊन दे. तुले वाट मालूम आहे म्हनते.”

“मामा, घरीच राहू द्या ना.”

“रोज दिसतात वं त्या. नेऊन दे.” मग अंगणात उतरता उतरता, “दावं नाही देल्लं मी. कोनी मागन तरी नाही देनार.”

एसटीत धडप्याचं गाठोडं मांडीवर होतं. प्रत्येक खड्ड्याला ते वाजायचं आणि अमरावती-अकोला रस्त्यावर खड्ड्यांना तोटा नव्हता. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, “बाई, बैल कुठी बसवले? त्याइचंबी तिकीट लागते.” सगळी गाडी हसली. मूर्तिजापूरपर्यंत कुणी ना कुणी काहीतरी बोलत राहिलं. पलीकडच्या सीटवर एक म्हातारबुवा होते, ते हसले नाहीत. पुढं वाकून त्यांनी हळूच विचारलं, “दावं ठेवलं ना घरी?”

“ठेवलं.”

“मंग ठीक आहे,” ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

चाचानं माळा घेतल्या, एकेक घुंगरू हलवलं, टिक्क ऐकून मान हलवली. कॉम्प्युटरवर बसला. धातू लिहिला, घडण लिहिली, तालुका लिहिला. ‘एका घुंगरात काचेची गोटी’ हे त्यानं मला विचारून लिहिलं.

“आनखी काही लिहू? तू तं पत्रकवाली.”

पडद्यावर रिकामी पांढरी चौकट होती. एरवी मला पानभर सुचतं. मग मी त्याला बसमधल्या म्हाताऱ्याचं सांगितलं. तो उठला, बाहेर जाऊन पान थुंकून आला आणि खाली एक ओळ टाकली: ‘दावं घरी आहे.’ मग वर वर सरकत गेला. तिवसा, अंजनगाव, पुन्हा तिवसा. प्रत्येक फोटोखाली त्यानं ‘दावं’ अशी ओळ सुरू केली आणि पुढं लिहिलं, ‘विचारलं नाही.’  ‘नवीन!’ची लाल अक्षरंही त्यानं त्या दिवशी काढून टाकली. मी सांगितलं नव्हतं.

पुढं तो येणाऱ्या प्रत्येकाला विचारू लागला. मी कॅफेत बसून आता फोटो अर्धाच बघते, सरळ खालच्या ओळीवर जाते. काही ठिकाणी घरी आहे. काही ठिकाणी नाही. नाही असेल तर चाचाला फोन करते आणि तो, नियम मोडून, गाव सांगतो. मग संघटनेतलं कुणीतरी काहीतरी निमित्त काढून त्या गावात उतरतं. पत्रक नेत नाही.

आणि दर रविवारी मामीला फोन लावते. ती उचलेपर्यंत किती वेळा वाजला ते मोजते. ती हॅलो म्हणत नाही. मी काय विचारणार ते तिला माहीत असतं.

“आहे वं,” मामी म्हणते. “आत्ताच पाहलं. खुंटीलेच आहे.”